काटा चढणीवर हलला पाहिजे

३ फेब्रुवारी

चि. मीटरराव यांस अनेक आशीर्वाद.

इंजिन फुकटात पडलं असं मी गावभर सांगत सुटलोय, पण तू घरचा माणूस, तुला खरा हिशेब सांगतो. टायरवाल्याकडे एक उलटलेली गाडी येऊन पडली होती. पत्रा सगळा चेपलेला, पण इंजिन आणि गिअरबॉक्स कोरे करकरीत. त्याने जुन्या ओळखीपोटी ते मला देऊन टाकलं. तेव्हा इंजिनाला पैसा लागला नाही, हे खरं. लागलं ते असं: माझ्या डाव्या हाताची दोन नखं, हिवाळाभर अडकून पडलेली वर्कशॉपातली मधली जागा, त्या जागेपायी दुसरीकडे गेलेला आपला बेकरीवाला, जो गाडी दुरुस्तीला लग्न झाल्यासारखा माझ्याकडेच यायचा, आणि तुझ्या ताईचं माझ्याशी बोलणं. नखं येतील, बेकरीवालाही येईल. शेवटच्या बाबीसाठी तुला लिहितोय.

जुनं इंजिन टेकडीच्या चढणीवर जाम झालं, ते तुला माहीत आहे. हॉस्पिटलातून परत येत होतो. डायलिसिसनंतर ती गळून झोपली होती, मी समोर रस्ता बघत होतो, पाणी कधी उडून गेलं पत्ता लागला नाही. होतं असं. जुनी गाडी, जुनी नळी.

आता नवं इंजिन बसलं. इतकं शांत आहे, की परवा ते चालू आहे हेच मला कळलं नाही आणि मी पुन्हा किल्ली फिरवली. स्टार्टरने असे दात खाल्ले की शेजारचा वेल्डर चष्मा कपाळावर ढकलून धावत आला. इंजिनाची याहून मोठी तारीफ मला तरी सुचत नाही.

आणि तुझी बहीण गाडीत बसायला तयार नाही! म्हणते, "काटे मेलेल्या गाडीत मी बसणार नाही." मी म्हटलं, अगं बाई, याला कॉम्प्युटर आहे, काही बिघडलं तर लाल दिवा लागतो. तर म्हणते, "दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. काटा आधी सांगतो." हे तुझंच शिकवणं. आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या पंपांवरचे काटे पुसत बसलास आणि बहिणीलाही तेच व्यसन लावलंस.

तोवर ती हॉस्पिटलच्या व्हॅनमधून जाते. ती व्हॅन गल्लीबोळांतून पेशंट गोळा करत फिरते. मागच्या बाकावर बसून हिला उलट्या होतात. मागच्या आठवड्यात एकदा "आज नको" म्हणून घरीच राहिली. डॉक्टर मला बाजूला घेऊन काहीतरी म्हणाले. अलीकडचे डॉक्टर ओठांतल्या ओठांत बोलतात, पण खाडा चालणार नाही एवढं तोंडावरून समजलं.

जुना डॅशबोर्ड आहे तसा ठेवून त्याचे काटे या नव्या इंजिनावर कसे चालवायचे ते सविस्तर लिही. मला स्वतःला काट्यांची गरज नाही. दुसऱ्याच्या गॅरेजात रॉकेलमध्ये नट धुण्यापासून सुरुवात केली ती या कानांच्या जिवावर. बॉनेट न उघडता दुखणं सांगणारा माणूस मी. पण हट्टापुढे इलाज नाही.

फोन करू नकोस. तू फोनवर पहिल्यापासून पुटपुटतोस. कागदावर असलं की भिंतीला चिकटवून काम करता येतं.

तुझा,
दाजी

---

१२ फेब्रुवारी

ती. दाजींना सा. न.

नखांचं ऐकून वाईट वाटलं. बेकरीवाल्याचं तुमच्याइतकंच वाटलं, म्हणजे फार नाही.

आता कामाचं. नव्या इंजिनाचा तापमानाचा सेन्सर त्याच्या कॉम्प्युटरसाठी आहे. त्याच्या तारेला जुना काटा जोडायचा मोह तुम्हाला होणार, मी ओळखून आहे. जोडू नका. काटाही चुकेल आणि कॉम्प्युटरही बावचळेल. जुन्या काट्याला त्याचा जुनाच बल्ब लागतो, दिव्याचा नव्हे, उष्णता ओळखणारा तो पितळेचा, बोटाच्या पेराएवढा, जो जुन्या इंजिनाच्या डोक्यात बसवलेला आहे. तो जपून काढा. भांड्यात पाणी घेऊन त्यात बल्ब सोडा, शेजारी थर्मामीटर धरा, पाणी तापवत न्या आणि काटा कुठे कुठे येतो ते बघा. मग नव्या इंजिनाच्या पाण्याच्या वाटेत त्याला जागा करू.

ऑइलच्या दाबाचं सोपं आहे. आटे जुळत नसतील तर लेथवर एक पितळी जोड कातून घ्या. वेगाच्या काट्याला मात्र फिरणारी केबल हवी, आणि तुमच्या नव्या गिअरबॉक्समधून केबल निघतच नाही, नुसती तार निघते. तिच्यावर चालणारी एक छोटी मोटर मिळते, ती जुनी केबल फिरवते. पत्ता मागे लिहिला आहे. पेट्रोलची टाकी जुनीच आहे, तो काटा बिचारा जसाच्या तसा चालेल.

ताईच्या हट्टाचं मला नवल वाटत नाही. गाडी आमच्या बाबांची. संध्याकाळी डायलमध्ये तो फिकट हिरवा उजेड लागला की ती लहानपणी एकटक बघत बसायची. आजारपणात माणसाला असलं काहीतरी हवं असतं. दाजी, तिला फार टोचून बोलू नका.

दाजी, मी फोन केला होता. तुम्ही "हॅलो, हॅलो, कोणी बोलत नाही" म्हणून ठेवून दिलात. लाइन खराब असावी.

तुमचा,
मीटरराव

---

६ मार्च

चि. मीटरराव,

मोहीम फत्ते. तुझी ताई गाडीत बसली!

सगळं क्रमाने सांगतो. वेगाचा काटा तुझ्या मोटरवर छान फिरतो. सुरुवातीला गाडी उभी असताना थरथरायचा, केबलला थोडं ग्रीस दिल्यावर शहाणा झाला. ऑइलचा काटा पहिल्या फटक्यात उभा राहिला. पितळी जोड मी स्वतः कातला, इतका देखणा की बॉनेटखाली झाकून ठेवायचं जिवावर आलं.

घोळ झाला तो तापमानाच्या काट्यात. जुना बल्ब डोक्यात गंजून बसला होता. तू "जपून" लिहिलं होतंस, मी जपूनच काढला, पण त्याने जपून घेतलं नाही. मानेत तुटला. नवा मागवलाय. दुकानदार म्हणतो, इतकी जुनी वस्तू, वाट बघा.

वाट कशी बघणार? मंगळवारी ती व्हॅनमधून उतरली तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. दारापर्यंत आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "थांबा, जरा श्वास घेऊ द्या." मी बराच वेळ तिची पिशवी हातात धरून उभा होतो. त्या संध्याकाळी मी एक काम केलं. डॅशबोर्डचे दिवे मंद करायचं जुनं बटण असतं ना, ते काढून तापमानाच्या काट्याच्या तारेला जोडलं आणि खाली आत लपवलं. बटण थोडं फिरवलं की काटा वर, उलटं फिरवलं की खाली. बरोबर मध्यावर आणून सोडून दिला.

गुरुवारी तिला म्हटलं, "चला बाईसाहेब, काटे जिवंत झाले." ती पुढच्या सीटवर बसली, चष्मा पुसला आणि सगळे डायल एकेक करून पाहिले, परीक्षा घ्यायला आलेल्या मास्तरणीच्या नजरेने. जाता-येता दोन्ही वेळा टेकडी चढून उतरलो, एक उलटी नाही. घरी आल्यावर स्वतःच्या पायांनी आत गेली.

तिला काहीही कळलेलं नाही. मी कसा बेमालूम काम करतो ते तुला माहीत आहे. बल्ब येईल तेव्हा येईल. तोवर माझे कान आहेतच. पाणी उकळायला लागलं तर ते मला काट्याच्या आधी कळेल.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

दाजी

---

९ मार्च

प्रिय बारक्या,

हे पत्र वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या हातून टाकते आहे. यांना सांगू नकोस.

यांनी तुला मोठ्या ऐटीत लिहिलं असेल की मी गाडीत बसले आणि मला काही कळलं नाही. अरे, कळायला काय लागतं? हे गेट लावून गाडीत येऊन बसले तेवढ्यात काटा मध्यावर येऊन बसला होता. थंडगार इंजिनाचा काटा असा वर येतो होय? बाबांच्या वेळी तो काटा शाळेचं वळण येईपर्यंत जागचा उठायचा नाही. मग चढण लागली. अर्धी चढण गेली, टोक आलं, उतार लागला, काटा तिथेच. चढणीवर जो हलत नाही तो काटा नव्हे रे, तो खिळा आहे.

तरी मी बसले, आणि गप्प बसले. त्या दिवशी यांनी सीटवर माझ्या पाठीला उशी लावून ठेवली होती. खिडकीची काच माझ्या बाजूने चार बोटं उघडी होती, वारा यावा म्हणून. असं सगळं केल्यावर "हा काटा खोटा आहे" कोणत्या तोंडाने म्हणू?

पण आता तुला सांगते, ते नीट वाच. तुला वाटतं मला बाबांची आठवण हवी आहे, यांना वाटतं मी हट्टी आहे. दोन्ही खरं असेल, पण काटे मला त्यासाठी नको आहेत.

यांना ऐकू येत नाही, बारक्या.

थोडं कमी येतं असं नाही. कुकरची शिट्टी यांना ऐकू येत नाही. मी मागून हाक मारली तर वळत नाहीत, तोंडासमोर उभं राहून बोललं तर ओठ बघून उत्तर देतात आणि चुकलं तर "पुटपुटू नकोस" म्हणतात. जुनं इंजिन जाम झालं त्या दिवशी मी गुंगीत झोपले होते, आणि त्या फुसफुसाटाने मी जागी झाले. मी, झोपेतून! हे शेजारी बसून मला वर्कशॉपमधली काहीतरी गंमत सांगत होते. पुढे सगळी वाफ झाली तेव्हा थांबले.

वर्कशॉपमध्ये हे कुणी बोलून दाखवत नाही. सगळ्यांनी यांच्याकडून काम शिकलेलं. वेल्डर बॉनेटवर हात ठेवून "दाजी, इथे बघा" म्हणतो, मग हे "मला आवाजावरून वाटलंच होतं" म्हणतात, आणि तो मान डोलावतो. मीही डोलावते. कानांवर उभा राहिलेला माणूस आहे. कानच गेले असं त्याला कोणी सांगायचं?

म्हणून मला काटे हवेत. कानांचं मला काही करता येत नाही, पण डोळे माझे चांगले आहेत. मी शेजारी बसून बघेन आणि "जरा थांबता का, मला मळमळतंय" असं म्हणेन. यांना वाटेल बायकोसाठी थांबलो. पण त्यासाठी काटा खरा हवा.

आणि आणखी एक. डॉक्टर यांना जे ओठांतल्या ओठांत म्हणाले ते मला मोठ्याने म्हणालेत. हे मशीन मला धरून ठेवेल, बरं करणार नाही. मी आहे तोवर मी बघेन. नंतर यांनाच बघावं लागेल. एकट्याने याच गाडीतून फिरणार आहेत, तुला माहीत आहे, दुसरी गाडी घेणार नाहीत. तेव्हा समोर खिळा नको.

तू यांना खरं करायला लाव. मी सांगितलं म्हणून नको, तुझं म्हणून.

तुझी ताई

---

१५ मार्च

ती. दाजींना सा. न.

तुमचं पत्र फाडलं नाही. रागाने फाडणार होतो, म्हणून फाडलं नाही.

ते बटण काढा. मी यावर वाद घालणार नाही, तुम्हीही घालू नका. पंपहाउसमध्ये आमच्याकडे एक साहेब आला होता, वरचे लोक तपासायला आले की दाबाचे काटे चिमट्याने जागेवर आणून ठेवायचा. पाहुणे चहा पिऊन खूश होऊन जायचे. मला रात्री झोप लागायची नाही. बंद पडलेला काटा परवडतो, निदान त्याच्यावर कोणी विसंबत नाही.

दुकानदाराची वाट बघू नका. बंद झालेल्या पंपहाउसच्या एका जुन्या इंजिनात अगदी तसाच बल्ब होता, तो मी परवानगी घेऊन काढून आणला. घरी भांड्यात उकळून पाहिला, तुमच्या डायलशी जुळणारा आहे. या पत्राबरोबर वेगळ्या पुडक्यात पाठवलाय, चिंधीत गुंडाळून.

बसवायचं असं: इंजिनातून रेडिएटरकडे जाणारी वरची रबरी नळी मधोमध कापा. तिथे एक पितळी तुकडा घाला, ज्याला वर बल्बाचं भोक असेल. तुमच्या लेथला हे काम म्हणजे खेळ आहे. मात्र एक लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंनी रबर असल्यामुळे त्या तुकड्याला गाडीच्या पत्र्याचा स्पर्श होत नाही, म्हणजे करंटला परतीची वाट नाही. तुकड्यापासून इंजिनापर्यंत एक अर्थिंगची तार घाला, नाहीतर काटा मेल्यासारखा पडून राहील आणि तुम्ही माझ्या बल्बाला शिव्या द्याल. कॉम्प्युटरच्या सेन्सरला हात लावू नका.

काम बरोबर झालंय हे कसं ओळखायचं? इंजिन थंड असताना काटा खाली, चालवल्यावर हळूहळू वर, चढणीवर आणखी थोडा वर, उतारावर थोडा खाली. काटा चढणीवर हलला पाहिजे. हलला की समजा जिवंत आहे.

एक विनंती. बसल्यावर तुम्हीही अधूनमधून खाली नजर टाकायची सवय लावा. तुमच्या कानांवर अविश्वास म्हणून नाही. आता इंजिनच इतकं शांत आहे, की कुणाच्याही कानाला दाद देणार नाही.

ताईला नमस्कार सांगा. मी पुढच्या महिन्यात येतोय.

तुमचा,
मीटरराव

---

२ एप्रिल

चि. मीटरराव,

चिमट्यावाल्या साहेबाशी माझी तुलना केलीस ती मी गिळली. त्याने बायकोला उलट्या होऊ नयेत म्हणून काटे सरकवले नसतील. पण बटण काढलं. झालं समाधान?

तुझा बल्ब बसला. पितळी तुकडा कातला, नळी कापली, बसवली, किल्ली फिरवली. काटा पडून! तुला पाच-सहा शब्द ऐकवले, ते तुझ्या कानापर्यंत आले नसतील तर बरं. मग भिंतीवरचा तुझा कागद पाहिला. अर्थिंगची तार. जोडली. काटा हळूच उठला. मी आणि वेल्डर दोघंही स्टूल ओढून त्याच्यासमोर बसलो, टीव्ही बघतात तसे.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल. तुझी ताई पुढे. शाळेचं वळण आलं तशी ती म्हणाली, "उठला." मी म्हटलं, कोण? तर नुसती हसली. किती दिवसांनी. मग सगळा रस्ता तिची बडबड सुरू, काटा इथे आला, काटा तिथे आला. माझ्याकडे तोंड करून बोलत होती, त्यामुळे शब्द न् शब्द कळत होता. मधल्या काळात घरात एवढी शांतता होती, की भांडण झालं तरी चाललं असतं असं वाटायचं.

चढणीच्या अर्ध्यावर तिने माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "थांबा. तांबड्याला टेकतोय." मी तिथल्या तिथे गाडी बाजूला घेऊन बंद केली. बॉनेट उघडलं तर रेडिएटर असा तापलेला, की आणखी दोन वळणं गेलो असतो तर या इंजिनाचीही तीच गत झाली असती. किरकोळ बिघाड होता, फॅनचा. जागेवरच दुरुस्त केला. निवायला दिलं, ती दगडावर सावलीत बसली, मी तिला बाटलीतलं पाणी दिलं आणि बाटलीतलंच रेडिएटरच्या जाळीवर शिंपडलं. वेळेत पोचलो. माझे काळे हात बघून नर्सने नुसती भुवई उचलली.

आता एक गोष्ट नोंदवून ठेव, कारण तुझ्या काट्याला सगळं श्रेय जाऊ नये. तिने हात ठेवला त्याच्या आधीच मला शंका आली होती. फॅनचा आवाज घसरलेला मी ऐकला होता. नेहमी कसा एकसुरी घोंघावतो, तो मध्येच जड पडला, दम लागल्यासारखा. माझा पाय ब्रेककडे निघालाच होता, तेवढ्यात ती बोलली. चाळीस वर्षांचे कान आहेत, उगाच नाही. काटा साथीला आहे, ठीक आहे, असू दे.

तू ये. तिला बरं वाटेल. डॉक्टरांशीही तूच बोल, मला त्यांचं पुटपुटणं जमत नाही.

दाजी

---

५ एप्रिल

प्रिय बारक्या,

तुझे उपकार कसे फेडू? काटा जिवंत आहे.

परवा परतताना मी मुद्दाम डोळे अर्धवट मिटून पडून राहिले. झोपले नव्हते. चढण सुरू व्हायच्या आधी यांनी मान खाली करून काट्याकडे पाहिलं. चढणीवर पुन्हा पाहिलं. टोकाला पोचल्यावर तिसऱ्यांदा. मी तशीच पडून राहिले. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या, पण ते गाडी चालवत होते, त्यांनी पाहिलं नाही.

तू आलास की यांना कानांच्या डॉक्टरकडे ने. माझ्याच्याने होणार नाही आणि माझं ऐकणारही नाहीत. तुझ्या स्वतःच्या कानाचं निमित्त कर, सोबतीला म्हणून घेऊन जा.

आणि ते तुला फॅनच्या आवाजाचं सांगतील. मी दगडावर बसले होते तेव्हा मलाही दोनदा सांगितलं, मी मान डोलावली. तूही डोलाव. पण ते पाना घेऊन वाकले तेव्हा मी तिथेच बसले होते आणि मला दिसलं. नळी बसवताना फॅनची तार काढली होती, ती परत लावायची राहून गेली होती. घरापासून चढणीवर थांबलो तिथपर्यंत फॅन एकदाही फिरला नव्हता.

तुझी ताई